मंदाताईंच्या हातात न बसलेलं पिस्तूल

त्या फोटोत माझं कोपर आहे. डाव्या बाजूला, निळ्या स्वेटरमधलं. बाकी सगळ्या मंदाताई. डोळ्यांवर प्लॅस्टिकचा चष्मा, कानांवर लाल डबे, दोन्ही हात पुढं आणि हातांत पिस्तूल. दात दिसताहेत. त्यांच्या मुलानं, समीरनं, तो फोटो हॉलमधल्या पडद्यावर भिंतीएवढा करून लावला आणि माइकवर म्हणाला, "दिस वॉज माय आई. डोन्ट मेस विथ हर." सगळे हसले. शोकसभेत हसले. माझ्या शेजारी एक काकू बसल्या होत्या, त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "किती कूल होत्या ना मंदामावशी!"

मी उठून बाहेर गेले. तिथं चहाचा थर्मास आणि सामोसे मांडले होते, त्या टेबलाला धरून उभी राहिले. रडू नव्हतं आलं. संताप आला होता. मंदाताई त्या फोटोत हसत नाहीत हो. दात खाताहेत. गोळ्या भरून भरून त्यांचा अंगठा सुजला होता आणि तरी पोराचं मन राखायला त्या उभ्या होत्या. मी शेजारी होते. कोपर माझं आहे.

मी चौथी शिकलेली बाई. माइकवर बोलणं मला जमत नाही. म्हणून आता बोलते, आणि जी मुलगी लिहून घेतेय तिला सांगून ठेवलंय, माझं बोलणं सुधारू नकोस.

मंदाताईंचं दुकान पेन्सिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून गाडीनं तासभरावर. पुढं पेट्रोलचे पंप, आत कॉफी, दूध, सिगारेटी, लॉटरी, बर्फाच्या पिशव्या. मागं एक खोली, तिथं माझा तवा. त्या गावच्या युनिव्हर्सिटीतली आपली पोरं शनिवारी यायची, पोळी-भाजीचे डबे आठवड्याचे घेऊन जायची. मी त्या खोलीत कशी आले ते माझं रडगाणं आहे, ते इथं नको. मुलाचा संसार मोडला, तो दुसरीकडं गेला, मी राहिले. मंदाताईंनी विचारलं, "पोळ्या येतात?" मी म्हटलं, "येतात." त्यांनी पिठाचा डबा पुढं केला. पोळी झाली तशी तिचा पदर सुटतोय का बघितलं, चुरगाळून मुठीत धरली, सोडली, परत उलगडते का बघितलं. मग म्हणाल्या, "राहा."

असंच त्यांचं सगळं. त्या इचलकरंजीच्या. वडलांचे माग होते. लहानपणी कापडाचा एक धागा ओढायचा, जाळायचा, वास घ्यायचा आणि सुतात भेसळ आहे की नाही ते सांगायचं, हा त्यांचा खेळ. ती खोड इथं अमेरिकेत आली. हातात घेतल्याशिवाय बाईंनी कधी काही विकत घेतलं नाही. भाजीच्या दुकानात दुधीला नख लावायच्या. तिथला पोरगा म्हणाला, मॅम, असं करू नका. तर मराठीतच त्याला म्हणाल्या, "मुलगी बघायला आल्यावर हात लावत नाहीत रे बाळा, दुधीला लावतात." तो बिचारा सॉरी म्हणाला.

एकदा मिक्सर घेतला. डाळ नीट वाटेना. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या दुकानात परत गेल्या. पर्समधून भिजवलेल्या डाळीचा डबा काढला. तिथंच काउंटरवर प्लग शोधला, मिक्सर लावला, वाटण केलं, आणि बोटावर घेऊन त्या काउंटरवरच्या बाईपुढं धरलं. "फील. यू फील." ती बाई घाबरून मागं सरली. मंदाताईंनी तिचा हात धरून दोन बोटांत वाटण चोळायला लावलं. "सी? सँड. वाळू आहे ही." दुकानानं मिक्सर परत घेतला. ती बाई पुढं आमच्याकडं डबा न्यायला लागली.

आणि चुकायच्याही. ती जुनी व्हॅन घेतली तेव्हा चाकांना लाथा मारून बघितल्या, खाली वाकून वास घेतला, बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटले, जणू तिला ताप आलाय. "चांगली आहे," म्हणाल्या. दुसऱ्याच खेपेला व्हॅन डोंगरावर मेली. बर्फ पडत होतं, मागं पोरांचे डबे. आम्ही दोघी आत बसलो आणि एक डबा उघडून खाल्ला. मी म्हटलं, "ताप नव्हता ना हिला?" त्या खो खो हसल्या. मग म्हणाल्या, "माझं चुकलं. व्हॅनचं नाही. मी नीट बघितलं नाही." एवढं सरळ म्हणायच्या. 'माझं चुकलं'. हे त्यांच्या मुलाला त्यांनी का नाही शिकवलं, ते मला कळत नाही.

आणखी एक सांगते, कारण पुढं ते लागणार आहे. नवरात्रात खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं पुजतात. म्हणजे तलवारीच असं नाही. ज्याच्या हातात जे असतं ते. विणकराचा धोटा, गवंड्याची थापी, माझ्या आईचं खुरपं. मंदाताई त्या दिवशी काउंटरवर धुतलेला टॉवेल अंथरायच्या. त्यावर किंमत चिकटवायचं मशीन, गल्ल्याची किल्ली, कात्री, बर्फ ओढायचं फावडं, माझं लाटणं. कॉफीचं मशीन जागेवरच, त्याला तिथं जाऊन कुंकू. एका बाईनं टोमणा मारला होता, नवरा गेल्यावर कुंकवाला हात लावता का? तर म्हणाल्या, "मशीनला विचारा, त्याची काही हरकत आहे का."

पण त्यांचा एक नियम होता. नवी वस्तू त्या पहिल्या वर्षी पुजायच्या नाहीत. टॉवेलवर ठेवायच्या, पण कुंकू नाही. "आधी राबू दे. वर्षभर राबलं त्याला कुंकू." माझं लाटणं मी गावाकडून आणलेलं, पण तेही पहिल्या वर्षी कोरडंच राहिलं. मला राग आला होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी लाटणं सगळ्यांच्या आधी उचललं.

तर समीर. समीर इथं जन्मलेला, राहायला व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, मोठमोठ्या कॉम्प्युटरांच्या इमारती आहेत तिथं कामाला. वाईट आहे असं मी म्हणत नाही. फोन करायचा, दर रविवारी. वडील गेल्यावर दुकानाचे व्यवहार त्याच्याकडं आले. त्याला दुकान विकायचं होतं, आणि गिऱ्हाईक चांगलं मिळावं म्हणून दुकान संध्याकाळी उशिरापर्यंत चालू दिसायला हवं होतं. दिवसा एक बाई मदतीला होती. संध्याकाळी मंदाताई काउंटरवर एकट्या, मी मागं तव्यावर.

त्या उन्हाळ्यात एक माणूस आत आला, सिगारेटींचं कपाट ओढून पाडलं, मिळतील तेवढी पाकिटं घेऊन पळाला. मंदाताईंच्या खांद्याला कपाट लागलं. काळानिळा खांदा घेऊन त्यांनी समीरला फोन केला. स्पीकरवर होता, मी ऐकलं. म्हणाल्या, "समीर, संध्याकाळी एक माणूस ठेव. नाहीतर पाचला बंद करू दे."

"आई, आय हिअर यू. पण आत्ता नाही. सेल होईपर्यंत थांब."

"मग तू येऊन बस."

"आई, प्लीज. कसं शक्य आहे?"

"मग माणूस ठेव."

तो म्हणाला, मी काहीतरी करतो. आणि केलं. बाईनं माणूस मागितला, पोरानं पिस्तूल आणलं.

आणलं म्हणजे, नवरात्रात सुट्टी काढून आला आणि आम्हाला गावातल्या बंदुकीच्या दुकानात घेऊन गेला. म्हणाला, "मी तीन वीक रिसर्च केलाय. एवढ्या किमतीत बेस्ट आहे. सगळे रिव्ह्यूज चांगले." फोनवर मला पण दाखवत होता, तारेच तारे. दुकानदार दाढीवाला, पोट सुटलेला, आवाज मऊ. त्यानं काचेखालून ते काढलं आणि मंदाताईंपुढं मऊ कापडावर ठेवलं. काळं, बुटकं, जड. वरती लोखंड, खाली प्लॅस्टिक.

मंदाताईंनी पदर खोचला. मला माहीत होतं, आता वेळ लागणार.

आधी वजन घेतलं, तळहातावर, भाजीवाल्यापुढं घेतात तसं. मग सांध्यांवरून नख फिरवलं. "कडा घासलेल्या आहेत," म्हणाल्या, "टोचत नाही. चांगलं काम आहे." वास घेतला. दुकानदार बघत राहिला. मग गोळ्यांची पेटी, मॅगझिन म्हणतात ती, त्यानं बाहेर काढून दाखवली. गोळ्या तिच्यात एका ओळीत नसतात. दोन ओळी, एकमेकींना खेटून, शेंगेतले दाणे असतात तशा. म्हणून पुष्कळ मावतात. समीर म्हणाला, "पंधरा, आई! या प्राइसमधे पंधरा!"

"आणि ही पेटी जाते कुठं?"

"मुठीत."

"म्हणजे मूठ जाड होणार."

त्यांनी मूठ धरली. मी त्यांची बोटं बघितली. संधिवातानं गाठी आलेल्या. तळहात मुठीला पुरला, पण बोट चापापर्यंत जाईना. चापावर बोट न्यायचं तर मूठ फिरवावी लागे, मग तळहात मागून सुटे. त्यांनी तीनदा तसं, तीनदा असं करून बघितलं. मग वरचा भाग मागं ओढायचा असतो, स्लाइड, तो ओढल्याशिवाय पहिली गोळी आत जात नाही. मंदाताईंनी ओढला. हलला नाही. पोटाला टेकवून ओढला. थोडा हलला आणि परत गेला.

दुकानदार समीरला म्हणाला, माझ्यासमोर म्हणाला आणि मला तेवढं इंग्लिश कळतं, "हिच्या हातांसाठी मी दुसरं काहीतरी बघेन. स्प्रिंग कडक आहे. हे तुझ्या हातासाठी आहे." विकणारा माणूस हे म्हणाला. पोरगा काय म्हणाला? "शी विल गेट यूज्ड टू इट."

मंदाताई म्हणाल्या, "समीर, मला नको."

तेव्हा त्यानं त्यांचा हात धरला. "आई, प्लीज. मला रात्री तिकडं झोप येत नाही. तू एकटी असतेस. प्लीज."

झालं. आईला आणखी काय सांगायला लागतं? त्यांनी कागदांवर सह्या केल्या. झोप याची, पिस्तूल हिचं.

त्याच दुकानामागं नेम धरायची लांब खोली होती. तिथंच तो फोटो काढला. स्लाइड दुकानदारानं ओढून दिली. गोळ्या मात्र मंदाताईंनी स्वतः भरल्या, परीक्षा करायची तर पुरी करायची म्हणून. पेटीतली स्प्रिंग वर ढकलते आणि वरून अंगठ्यानं गोळी दाबायची. पहिल्या चार गेल्या. मग अंगठा पांढरा पडला. मग लाल. त्या थांबल्या नाहीत. मी म्हटलं, "बास करा." म्हणाल्या, "गप गं. वस्तू बघतेय मी."

आवाज झाला. रिकामं पितळी टरफल उडून माझ्या गळ्यात पडलं, गरमागरम. मी नाचले. मंदाताई फिरून बघायला लागल्या तसा तो दाढीवाला किंचाळला, "डोन्ट टर्न!" पुढं कागदावर माणसाचं चित्र होतं, त्याला त्यांच्या गोळ्या लागल्या. खांद्यात, कानाजवळ, एक पोटात. एकदाही पिस्तूल अडकलं नाही. समीर टाळ्या वाजवत होता, फोटो काढत होता.

बाहेर गाडीत बसल्यावर मंदाताईंनी निकाल दिला. अंगठा तोंडात धरलेला, मधेमधे काढून बोलत होत्या.

"वस्तू चांगली आहे. खोटं नाही बोलायचं. पैशाच्या मानानं उत्तम. अडकत नाही, नेम धरते, काम स्वच्छ आहे. पण मोठ्या पंजाची आहे. ज्याचा पंजा मोठा, त्याच्या हातात छान बसेल. माझ्या नाही. परत कर."

"यूज्ड गन परत घेत नाहीत, आई."

"मग तू घेऊन जा."

"आई, यू वेअर ग्रेट! प्रॅक्टिस कर, दॅट्स ऑल."

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मिक्सरवाल्या दुकानात जिनं हात धरून वाटण चोळायला लावलं होतं ती ही बाई. परक्यांशी भांडायची. पोरापुढं गप्प.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. टॉवेल अंथरला, सगळं मांडलं. समीर आंघोळ करून आला आणि लाटणं सरकवून मधोमध पिस्तूल ठेवलं. रिकामं होतं. म्हणाला, "दिस इयर खरं शस्त्र आहे, आई." मंदाताईंनी मशीनला हळद-कुंकू लावलं, किल्लीला, कात्रीला, फावड्याला, लाटण्याला. पिस्तुलावरून बोट पुढं गेलं.

"हे राहिलं," समीर म्हणाला.

"नवं आहे. आधी राबू दे."

त्याला वाटलं आई गंमत करतेय. हसला. मग जायच्या आधी त्यानं काय केलं ते ऐका. आईला स्लाइड ओढता येत नाही ना? म्हणून यानंच ओढली. गोळी आत घालून, पुरं तयार करून, काउंटरखाली एक कप्पा ठोकून त्यात ठेवून गेला. "आता फक्त ट्रिगर. सिंपल." गाडीचा हॉर्न वाजवत गेला. तिकडं त्याला झोप आली असेल.

दर रविवारी विचारायचा, "प्रॅक्टिस केलीस का?" त्या म्हणायच्या, "हो." केली नव्हती. त्या काउंटरखाली हातसुद्धा घालत नव्हत्या. पिशव्या खाली असायच्या त्या वर आणून ठेवल्या.

थंडी पडली. संध्याकाळी पाचलाच अंधार. एक दिवस मी तव्यावर होते आणि पुढून मंदाताईंचा आवाज आला. ओरडल्या नव्हत्या. नेहमीसारखाच आवाज, "टेक, टेक. ऑल टेक." मी लाटणं घेऊनच दारात गेले. उंच माणूस, टोपी पुढं ओढलेली, हातात छोटा सुरा. गल्ला उघडा होता, नोटा त्याच्यापुढं ठेवलेल्या. तो घेऊन गेलाच असता हो. घ्यायलाच आला होता.

पण मंदाताईंचा उजवा हात खाली गेला. का गेला? त्यांनी मला नंतर सांगितलं, "दर रविवारी कानात घालत होता ना तो. हात आपोआप गेला." हात वर आला तेव्हा त्यात पिस्तूल होतं, वाकडं, कारण मूठ बोटांत मावत नव्हती. त्या माणसानं सुरा टाकला नाही, काही नाही. पुढं वाकला आणि लहान बाळाच्या हातातून खुळखुळा घ्यावा तसं ते काढून घेतलं. त्याच्या मुठीत धरून बघितलं. आणि गेला. नोटा तिथंच राहिल्या. त्याला नोटांपेक्षा चांगलं मिळालं होतं.

मी मंदाताईंना खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. त्या दाराकडं बघत होत्या. म्हणाल्या, "कमळ, त्याच्या हातात कसं बसलं, बघितलंस?"

पोलीस आले, लिहून घेऊन गेले. समीरचा फोन आला. "थँक गॉड, आई! थँक गॉड यू आर ओके." रडला पण. खरं रडला. मग नाक ओढून म्हणाला, "ऐक, त्याचीच एक छोटी व्हर्जन आहे. ग्रिप स्लिम आहे, स्लाइड पण इझी. मी रिव्ह्यूज वाचतोय आत्ता."

मंदाताईंनी फोन ठेवला. म्हणजे काय, लोणच्याच्या बरणीमागं उलटा ठेवून दिला. तो तिथून बोलत होता. आम्ही दोघी ऐकत होतो.

आठवडाभरात पुढच्या गावातल्या पंपावर त्याच माणसानं त्याच पिस्तुलानं एका मुलीवर गोळी झाडली. डॅना तिचं नाव. काउंटरवर होती. तिनं हात वर केले होते, गोळी उजव्या पंजातून आरपार गेली, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून. माणूस पकडला, पिस्तूल सापडलं, त्याच्यावरचा नंबर मंदाताईंच्या नावाचा निघाला. पोलीस सांगायला आला, तो पण हळूच म्हणाला, तुमची चूक नाही. समीर म्हणाला, तुझी चूक नाही. पोरं डबे न्यायला आली, ती म्हणाली, "मावशी, तुमची काय चूक यार?" मंदाताई एकदाच बोलल्या. "मी बघितलं होतं. नीट बघितलं होतं. माझ्या हातातलं नाही म्हणून सांगितलं होतं. तरी ठेवलं. मग चूक कुणाची? रिव्ह्यूवाल्यांची?"

त्या दिवसापासून दुकान पाचला बंद. समीरनं आरडाओरडा केला. त्यांनी फोन बरणीमागं ठेवला.

मग त्या मला म्हणाल्या, डबा भर, त्या मुलीकडं जायचंय. समीरला कळलं तसा तो हादरला. वकिलानं सांगितलंय म्हणे, त्या मुलीशी एक शब्द बोलायचा नाही, ती केस करेल. मंदाताई म्हणाल्या, "करू दे की. तिचा हात गेलाय."

पहिल्या वेळी डॅनाच्या आईनं दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि तोंडावर बंद केलं. बरोबरच केलं. मी असते तर तेच केलं असतं. मंदाताईंनी डबा पायरीवर ठेवला. पुढच्या आठवड्यात परत गेलो. डबा पायरीवरच होता, रिकामा, न धुतलेला. मंदाताईंनी तो उचलून बघितला. "पुसून खाल्लंय," म्हणाल्या. भरलेला ठेवला. असं कितीदा तरी झालं. एक दिवस दार उघडलं आणि डॅनाच उभी होती. वीस-बावीसची, नाकात खडा, उजवा हात पट्ट्यांत. म्हणाली, "तुझी गन होती?"

"माय गन," मंदाताई म्हणाल्या. "येस. माय."

"मग तू घातली का नाहीस त्याला गोळी?"

मंदाताईंनी आपला हात पुढं केला, गाठी आलेला, आणि तिच्यापुढं मूठ वळून दाखवली. जेवढी वळते तेवढी. डॅना बघत राहिली. मग एक घाण शिवी दिली, मंदाताईंना नाही, नुसतीच हवेत. आणि आम्हाला आत घेतलं.

तिच्या टेबलावर एक रबरी चेंडू होता, दवाखान्यातून दिलेला, दाबून दाबून बोटांत जोर यायला. डॅना तो दाबायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. मंदाताईंनी चेंडू घेतला. दाबला. वास घेतला. मी मनात म्हटलं, झालं सुरू. उठून त्यांनी तो डॅनाच्या डस्टबिनमधे टाकला.

"हे!" डॅना ओरडली.

"नो गुड. टू हार्ड." मग मला, "कमळ, कणीक आण. मऊ. पुरीची नको, पुरणपोळीची असते तशी."

मी भिजवून नेली. पहिल्यांदा एकदम सैल, मग दर आठवड्याला जरा घट्ट. किती घट्ट ते मंदाताई ठरवायच्या, स्वतः दाबून. दोघी समोरासमोर बसून कणीक तिंबायच्या, एकीचा हात गोळीनं फाटलेला, एकीचा म्हातारपणानं. बोलायच्या काय कोण जाणे, एकीला इंग्लिश धड येत नाही, दुसरीला मराठी. पण भांडण ऐकू यायचं. "हार्डर!" "नो!" "लेझी!" "यू लेझी!" केस कुणी केली नाही.

डॅनाला त्या पंपावरून काढून टाकलं होतं, एका हाताची मुलगी काय कामाची म्हणून. उन्हाळ्यात मंदाताईंनी तिला दुकानात घेतलं. संध्याकाळसाठी. समीरला विचारलं नाही. मागितलेला माणूस आला, पण कसा आला!

दुकान विकायचं राहिलं. समीर त्या वर्षी नवरात्रात आला नाही, काम होतं. मंदाताईंनी काउंटरवर टॉवेल अंथरला. मशीन, किल्ली, कात्री, फावडं. लाटणं आणि माझी परात. मधली जागा मोकळी ठेवली. डॅना कॉफीचे ग्लास रचत होती. मंदाताईंनी तिला बोलावलं आणि टॉवेलवर बोट ठेवलं.

"हँड. हिअर."

"का?"

"वर्क केलं. वर्षभर." तिला काही कळलं नाही, पण मंदाताईंचं ऐकायची सवय झाली होती. तिनं उजवा हात टॉवेलवर ठेवला, परात आणि फावड्याच्या मधे. बोटं अजून पुरती सरळ होत नव्हती. मंदाताईंनी त्या व्रणावर आधी हळद लावली, मग कुंकू, मग तांदळाचे दाणे. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं, पेट्रोलचे पैसे द्यायला. डॅना हात उचलायला लागली.

"हलू नकोस," मंदाताई मराठीतच म्हणाल्या. आणि त्या माणसाला, "वेट. पूजा."

तो टोपी काढून उभा राहिला.

पुढं हिवाळ्यात त्यांना हार्टचा त्रास झाला. दवाखान्यात मला आत सोडलं नाही, फॅमिली ओन्ली म्हणाले. डॅनालाही नाही. आम्ही दोघी खाली बसून राहिलो. त्यामुळं शेवटचं म्हणून मी हेच धरून ठेवलंय. टॉवेलवर डॅनाचा हात, आणि मंदाताई दोन्ही हात जोडून त्याच्यापुढं वाकलेल्या. डोळे मिटलेले. दात दिसत नाहीत.

त्याचा फोटो कुणी काढला नाही.